नैसर्गिक खांद्याचा कोट

पुरुषी कोटाचे रूप प्रामुख्याने त्याच्या खांद्यावर ठरते. लष्करी गणवेशाचा वारसा सांगणाऱ्या इंग्रजी शिवणीत खांद्यांत पॅड भरले जातात आणि छातीला ताठ कॅनव्हासचा आधार दिला जातो, त्यामुळे माणूस आहे त्याहून रुंद आणि करारी दिसतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रूढ झालेल्या शिवणीने ही भर जवळजवळ काढून टाकली आणि कोट खांद्याच्या मूळ उतारावर बसू दिला. म्हणून त्याला नैसर्गिक खांद्याचा कोट म्हणतात. शंभराहून अधिक वर्षे या कोटाचे आकर्षण टिकून राहिले, याचे कारण त्याच्या रचनेत जितके आहे तितकेच तो कोणी कोणी अंगीकारला या इतिहासात आहे.

या पद्धतीच्या सुटाला ‘सॅक सूट’ असे नाव आहे. त्याच्या पुढच्या भागात कमरेपाशी कापड आत घेणारे टक नसतात, त्यामुळे कोट अंगाला न आवळता सरळ खाली उतरतो. बटणे तीन असली तरी वरचे काज लॅपेलच्या वळणात जाते आणि प्रत्यक्षात मधलेच बटण लावले जाते. पाठीमागे मध्यावर एकच चीर असते आणि पँट समोरून बिनचुण्यांची असते. न्यूयॉर्कमध्ये १८१८ साली स्थापन झालेल्या ब्रुक्स ब्रदर्स या पेढीने १८४९ पासून तयार सूट विकायला सुरुवात केली होती आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी तिनेच सॅक सुटाला त्याचे प्रमाणरूप दिले. टक नसलेला सैल कोट निरनिराळ्या बांध्यांच्या माणसांना सामावून घेतो, म्हणून तयार कपड्यांच्या व्यापाराला ही रचना विशेष सोयीची ठरली.

येल विद्यापीठाच्या परिसरात १९०२ साली सुरू झालेल्या जे. प्रेससारख्या दुकानांनी हा वेश विद्यार्थ्यांपर्यंत नेला. पुढे १९४४ च्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांना उच्च शिक्षणासाठी साहाय्य मिळाले, तेव्हा विद्यापीठांत आलेल्या या तरुणांबरोबर लष्करातील खाकी पँटही वर्गात आली. खाकी रंगाचा गणवेश १८४० च्या दशकात ब्रिटिश हिंदुस्थानातील सैन्यात प्रथम रूढ झाला होता, आणि उन्हाळी कोट-शर्टांसाठी अमेरिकेत लोकप्रिय झालेले चौकडीचे मद्रास कापड तर दक्षिण भारतातील हातमागांचेच होते. त्यामुळे अस्सल अमेरिकी समजल्या जाणाऱ्या या वेशात भारताचा वाटा मोठा आहे.

आरंभी हा वेश सुखवस्तू गोऱ्या कुटुंबांतील मुलांचा होता, ही बाब झाकण्याचे कारण नाही. मात्र १९५० च्या दशकात माइल्स डेव्हिससारख्या कृष्णवर्णीय जॅझ वादकांनी तो आपलासा केला आणि नागरी हक्कांच्या चळवळीतील अनेक कार्यकर्ते सूट-टाय परिधान करून रस्त्यावर उतरले. प्रतिष्ठा नाकारणाऱ्या समाजासमोर त्याच समाजाचा प्रतिष्ठित वेश सहजतेने धारण करणे, हे समतेच्या हक्काचे उघड प्रतिपादन होते.

हा अर्थ महाराष्ट्राला अपरिचित नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१५ साली तेथे एम.ए. झाले, त्याच वर्षी ब्रुक्स ब्रदर्सची पेढी त्याच शहरातील मॅडिसन अॅव्हेन्यूवरील वास्तूत गेली. ज्या समाजव्यवस्थेत दलितांनी कोणती वस्त्रे व कोणते दागिने घालावेत यावरही निर्बंध होते, तेथे बाबासाहेबांचा सूट हा मानवी प्रतिष्ठेचा जाहीर उच्चार ठरला आणि गावोगावच्या पुतळ्यांतून तो त्याच अर्थाने उभा आहे. त्यांच्या सुटाचे महत्त्व शिवणीच्या घराण्यावर अवलंबून नाही. परंतु वेशावर कोणत्याही एका वर्गाची मालकी नसते, हे तत्त्व अमेरिकेतील आणि महाराष्ट्रातील या दोन्ही इतिहासांना जोडते.

आजही नवी मुंबईच्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात उभ्या राहिलेल्या माइंडस्पेससारख्या कार्यालयीन संकुलांत काम करणाऱ्या तरुणांच्या अंगावर कॉलरच्या टोकांना बटणे असलेला शर्ट आणि खाकी पँटेच्याच धाटणीची सुती चिनो पँट सर्रास दिसते. हा त्याच परंपरेचा रोजचा वारसा आहे. खाडीकाठच्या दमट हवेत कोट घालण्याची वेळ आली, तर पॅड नसलेला, अर्धेच अस्तर असलेला सुती किंवा हलक्या लोकरीचा कोट सर्वांत सुसह्य ठरतो, कारण त्यात कापडाचे थर कमी असल्याने उष्णता कमी साठते आणि हातही मोकळेपणाने हलतो. असा कोट निवडताना खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी संपते का आणि कॉलर मानेला चिकटून बसते का, हे प्रथम पाहावे. कमरेचे माप किंवा बाहीची लांबी टेलरला नंतर दुरुस्त करता येते, पण खांदा चुकल्यास तो उसवून पुन्हा बसवणे अवघड आणि खर्चिक असते. फॅशनने खांदे कधी फुगवले, कधी आखडले. जो कोट माणसाच्या स्वतःच्या खांद्याचेच माप प्रमाण मानतो, त्याला मात्र या बदलांमुळे जुने होण्याचे फारसे कारण उरत नाही.