चवदार तळे : रूढी आणि शिस्त

टोंकखुर्दच्या श्रोत्यांस तळ्याचे मोल सांगावयास नको. 2006 पासून देवास जिल्ह्यात शेततळ्यांची जी मोहीम झाली, तिच्यात आपला परिसर अग्रभागी होता. आज मी बोलणार आहे ते कोकणातील महाडच्या चवदार तळ्याविषयी. त्या लढ्याचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म मात्र 1891 साली आपल्याच माळव्यात, महू येथे झाला.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये तळे खुले केले. परंतु रूढीच्या धाकामुळे तो निर्णय कागदावरच राहिला. अखेर 20 मार्च 1927 रोजी परिषदेस जमलेले लोक बाबासाहेबांसह शांतपणे तळ्यावर गेले व त्यांनी ते पाणी प्राशन केले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तेव्हा बाबासाहेबांनी अनुयायांना प्रत्याघातापासून आवरले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह योजिला होता. तोच काही सवर्णांनी तळे खाजगी असल्याचा दावा लावून न्यायालयाचा मनाईहुकूम मिळविला. जमलेल्यांपैकी अनेक जण तुरुंगात जाण्यास सिद्ध होते. बाबासाहेबांनी तहकुबी सुचविली, तीवर चर्चा झाली, आणि शेवटी तळ्याभोवती केवळ मिरवणूक निघाली. पुढे 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

येथे एक प्रश्न उद्भवतो. रूढी झुगारणाऱ्याने नेत्याचा शब्द मानावा, हीसुद्धा एक प्रकारची ताबेदारीच नव्हे काय? मला तसे वाटत नाही. रूढी माणसास जन्मतःच बांधते आणि कारण सांगत नाही. महाडला कारणे सांगितली गेली, विरुद्ध मत उघडपणे मांडले गेले, आणि मग लोकांनी स्वतःस आवरले. असा स्वेच्छेचा संयम हेच अहिंसक लढ्याचे बळ होय.

रूढी मोडण्याचे धैर्य एकाच बाजूस लागले असेही नाही. 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. स्वजनांचा रोष पत्करून ते त्या व्यासपीठावर उभे राहिले.

शाळेने शिस्त लावावी, हे सर्वमान्य आहे. परंतु ‘का?’ असे विचारण्याची मुभा विद्यार्थ्यास नसेल, तर त्या शिस्तीची रूढी होण्यास वेळ लागत नाही. ती मुभा राखणे हे शिक्षकांचे, आणि ती निर्भयपणे वापरणे हे विद्यार्थ्यांचे कर्तव्य आहे, असे मी मानतो.