काळ्या पावाखालचं वेखंड

राईचा काळा पाव भट्टीत सरकवण्याआधी लिथुएनियातल्या खेड्यांमधल्या बायका लाकडी फावड्यावर हिरवी पानं अंथरत. कधी मेपलची, कधी कोबीची, आणि जवळपास तळं असेल तर एका लांबट पात्याच्या सुगंधी वनस्पतीची. त्यावर कित्येक किलोंचा ओला गोळा थापायचा, ओल्या हाताने गुळगुळीत करायचा आणि पानांसकट आत ढकलायचा. पाव बाहेर आला की त्याच्या बुडाशी पानांच्या शिरा उमटलेल्या असत. ती सुगंधी पानं कशाची, माहीत आहे? वेखंडाची! आपल्याकडे बाळगुटीत ज्याचे दोन-चार वेढे उगाळतात, त्याच वेखंडाची.

बाल्टिक समुद्राकाठच्या दलदलीत वेखंड पोचलं कसं? ते मूळचं आशियातलं. १६व्या शतकात कॉन्स्टँटिनोपलहून त्याचे गड्डे व्हिएन्नाच्या बागेत आले आणि तिथून ते युरोपभर पसरलं. पण खरी गंमत पुढेच आहे. युरोपातल्या या वेखंडात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे त्याला बीच धरत नाही. म्हणजे ते पसरलं ते फक्त गड्ड्याचे तुकडे पडून, नद्यांच्या प्रवाहातून वाहत आणि माणसांच्या हातांतून. एकही बी न पेरता अर्धा खंड!

आता पानावरच्या पावाकडे वळू. राई हे सुरुवातीला कुणी हौसेने पेरलेलं धान्य नव्हतं. ते गव्हाच्या शेतातलं तण होतं. शेतकरी तण उपटत राहिले आणि वाचली ती फक्त गव्हासारखी दिसणारी रोपं. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं. मग शेती उत्तरेकडे सरकली. तिथल्या थंडीत आणि हलक्या जमिनीत गहू मान टाकायचा, पण तण मात्र तरारून उभं राहायचं. शेवटी माणसाने तणच पेरायला घेतलं. निकोलाय वाविलोव्ह या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने उलगडलेली ही कथा कितीही वेळा वाचली तरी मला नवीच वाटते.

आणि हा पाव आंबट का असतो? चवीसाठी? चव नंतर आली, आधी होती गरज. राईच्या पिठात स्टार्चची साखर करणारं एक विकर फार जोमात असतं. पाव भाजताना आतला स्टार्च फुगू लागतो, त्या वेळी हे विकर अजून जिवंत असतं आणि त्या स्टार्चवर तुटून पडतं. मग वरून पाव दिसतो, आत मात्र चिकट लगदा. पीठ आंबवलं की आम्लामुळे विकर थंडावतं आणि पाव पाव राहतो. लॅटव्हिया, बेलारूस, रशिया, फिनलंड, सगळीकडे राईचा पाव आंबटच, कारण तिथल्या बायकांनी रसायनशास्त्र न शिकता हे ताडलं होतं.

उन्हाळा आला की ताटाचा रंगच बदलतो. शाल्तिबार्श्चाय! केफिर, म्हणजे आंबवलेलं दूध, त्यात उकडलेलं बीट, काकडी, अंडं आणि मूठभर शेपू. रंग असा गुलाबी की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, कुणी तरी शाई सांडली. हे सूप बर्फगार आणि सोबत वाफाळते बटाटे. एक घास थंड, एक गरम.

हा गुलाबी रंग टिकतो कसा? बिटातलं बेटानिन हे रंगद्रव्य अल्कलीत पिवळं पडतं, पण दुधातल्या सौम्य आम्लात खुशाल राहतं. त्याचं कुळही विलक्षण आहे. आपला लाल माठ आणि बोगनवेल त्याच कुळातल्या द्रव्यांनी रंगतात. जांभूळ आणि लाल कोबी मात्र वेगळ्याच, अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांनी. आणि ही दोन्ही कुळं एकाच वनस्पतीत एकत्र सापडलेली नाहीत. निसर्गाने जणू नियमच केला, हे घ्या किंवा ते घ्या.

पोलंडमध्ये हेच सूप मिळतं आणि पोलिश लोक त्याला सरळ ‘लिथुएनियन’ म्हणतात. बेलारूसमध्येही ते आहे, लॅटव्हियातही. मग ते कुणाचं? हा प्रश्न फारसा कामाचा नाही, असं मला वाटतं. १५व्या शतकात लिथुएनियाची ग्रँड डची बाल्टिकपासून काळ्या समुद्रापर्यंत पसरली होती, आजचा जवळजवळ सगळा बेलारूस आणि युक्रेनचा मोठा भाग तिच्यात होता. १५६९मध्ये तिने पोलंडशी संयुक्त राज्य केलं, ते १७९५पर्यंत टिकलं. सीमा पुढेमागे होत राहिल्या. सूप जिथल्या तिथे राहिलं, त्याच्या डोक्यावरून देश गेले.

काही पदार्थ मात्र खरोखर लांबून चालत आले. १४व्या शतकाच्या अखेरीस ग्रँड ड्यूक व्हिताउतासने क्रिमियातून करैम लोकांना आणून आपल्या त्राकाय या तळ्याकाठच्या राजधानीत वसवलं. तुर्की कुळातली भाषा बोलणारी ही माणसं सोबत किबिनाय घेऊन आली. अर्धचंद्राकृती पारीत सुरीने बारीक केलेलं मटण आणि कांदा भरायचा, कडेला वेणीसारखी मुरड घालायची आणि भाजायचं. आज लिथुएनियात करैम तीनशेहूनही कमी उरलेत, पण त्राकायला जाणारा माणूस किबिनाय खाल्ल्याशिवाय परतत नाही. सहाशे वर्षांत मुरड काही सुटली नाही!

आणि जो पदार्थ आज लिथुएनियाची ओळख मानला जातो, तो सगळ्यांत धाकटा. दक्षिण अमेरिकेतून निघालेला बटाटा इथल्या घराघरांत रुजला तो १९व्या शतकात. त्याच बटाट्याचे मुठीएवढे, लांबोडके गोळे म्हणजे त्सेपेलिनाय. जर्मन झेपेलिन हवाईजहाजांवरून पडलेलं हे नाव. सीमेपलीकडे पोलंडमध्ये तोच गोळा तोफेच्या दारूगोळ्याच्या नावाने ओळखला जातो.

पण त्यात ना मैदा, ना अंडं. मग तो उकळत्या पाण्यात फुटत कसा नाही? कच्चे बटाटे किसून फडक्यात घट्ट पिळतात आणि ते गढूळ पाणी फेकत नाहीत, ठेवून देतात. थोड्या वेळाने तळाशी पांढराशुभ्र थर बसतो. कुरडयांसाठी गव्हाचा चीक बसतो ना, अगदी तसा. वरचं पाणी ओतून तो चीक परत किसात मिसळतात, थोडा उकडलेला बटाटा घालतात आणि आत मांसाचं सारण भरतात. पाण्याची उष्णता आत पोचली की साठ-सत्तर अंशांच्या आसपास चिकाचे कण फुगतात, एकमेकांना धरतात आणि गोळा आवळला जातो. बटाट्याने स्वतःच स्वतःला बांधलं! वरून डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे आणि आंबट साय. पोटभरीचं जेवण, थंड देशातलं.

किसलेल्या बटाट्याचाच भट्टीत भाजलेला कुगेलिस जर्मनांच्या आणि ज्यूंच्या स्वयंपाकाशी नातं सांगतो. व्हिल्निअसचे ज्यू म्हणजे मोठं नाव. फान्या लेवांडो ही बाई तिथे शाकाहारी भोजनालय चालवायची, आणि १९३८मध्ये तिने यिडिश भाषेत पाककृतींचं पुस्तक काढलं. पुढच्या काही वर्षांत नाझींनी आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांनी लिथुएनियातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक ज्यूंची हत्या केली. फान्याही त्याच काळात नाहीशी झाली. ज्यांनी हा स्वयंपाक जपला होता, त्यांची गावंच्या गावं संपली.

तरीही त्यातली एक गोष्ट नकाशावर उरली. सारण भरलेला मासा, गेफिल्टे फिश, लिथुएनियाकडचे ज्यू मिरी घालून करायचे, पोलंडकडचे साखर घालून. पोलंडमध्ये १९व्या शतकात बिटाची साखर मुबलक झाली होती, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. मार्विन हर्झोग या भाषाशास्त्रज्ञाने तिथून परदेशी गेलेल्या लोकांना विचारून नकाशे रेखाटले, १९६५मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि त्यात दिसलं की गोड माशाची सीमा वॉर्सोच्या पूर्वेला साधारण ६५ किलोमीटरवरून जाते. यिडिशच्या दोन बोलींची सीमाही तिथूनच जाते. म्हणजे माशात साखर घालता का, एवढं विचारलं की समोरचा माणूस कसा बोलत असेल, ते बहुतेक वेळा आधीच सांगता येई.