बंद पेटीचे बळ : जुन्या जीपची चासी मजबूत करताना

जुनी जीप घरच्या अंगणात पुन्हा उभी करण्याचा छंद महाराष्ट्रात नवा नाही. मात्र या छंदातील बहुतेक सारे कौतुक रंगाच्या, हूडच्या आणि इंजिनाच्या वाट्याला येते, आणि ज्या सांगाड्यावर इंजिन, पाटे व बॉडी बसवलेली असते ती चासी काळा रंग फासून झाकली जाते. जीपच्या चासीत दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे असतात. ही रचना समजून न घेता जागोजागी जाड पत्रा चढवला, तर चासी मजबूत होण्याऐवजी नव्या ठिकाणी तडकते, असे हा विषय जवळून पाहणाऱ्याला म्हणावे लागते.

इतिहास थोडक्यात असा : दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या, 1947 मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे उंच बॉनेटची सीजे-3बी येथे कित्येक दशके चालली. पद्मिनीसारख्या मोटारीला स्वतंत्र चासी नसते, तिथे पत्र्याची बॉडीच भार पेलते, त्यामुळे तिच्या दुरुस्तीचे शास्त्र निराळे आहे.

महायुद्धकालीन जीप विलिसची की फोर्डची, याचा निवाडाही चासीच करते. विलिसच्या चासीचा सर्वांत पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, तर फोर्डचा उलट्या यू आकाराचा. बॉडी, बॉनेट, इंजिन हे सारे आठ दशकांत अनेकदा अदलाबदल झालेले असू शकते. म्हणूनच जाणकार माणूस जीप पाहायला गेला की आधी बंपरच्या मागे वाकतो, आणि ते योग्यच आहे.

दुरुस्तीची सुरुवात वेल्डिंगने नव्हे, मोजमापाने होते. चासी सपाट जमिनीवर घोड्यांवर समतल ठेवून, पाट्यांच्या खुंट्या आणि इंजिनाचे आधार अशा ठरावीक बिंदूंवरून ओळंबा सोडला जातो, जमिनीवर खडूने खुणा केल्या जातात आणि त्या खुणांमधील कर्ण मोजले जातात. समोरासमोरचे कर्ण सारखे असतील तर चासी चौरस आहे. त्यांत तीनचार मिलिमीटरहून जास्त फरक निघाला, तर तिच्यावर मजबुतीचा पत्रा चढवणे म्हणजे वाकडेपणा कायमचा करणे होय. गवंड्याचा ओळंबा येथे महागड्या यंत्राइतकेच चोख काम देतो.

यानंतरचा प्रश्न या साऱ्या विषयाचा गाभा आहे : तुळईला बळ कशाने येते? जीपच्या लांब तुळया बऱ्याच भागात इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या, म्हणजे एका बाजूने उघड्या असतात. पाठीचा उभा पट्टा आणि वरखालच्या दोन आडव्या कडा मिळून अशी तुळई वजनाखाली वाकण्यास चांगला विरोध करते, पण पिळण्यास, म्हणजे एक टोक उजवीकडे व दुसरे डावीकडे फिरवले जाण्यास, तिचा विरोध आश्चर्य वाटावे इतका दुबळा असतो. 100 मिलिमीटर उंच, 50 मिलिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर जाड अशी उघडी तुळई घेऊन तिची चौथी बाजू त्याच जाडीच्या पट्टीने बंद केली, तर वजन साधारण दीडपट होते, पण पिळाला होणारा विरोध गणिताने सुमारे 480 पट वाढतो. प्रत्यक्ष चासीत आडवे दांडे तुळईची टोके धरून ठेवतात, त्यामुळे फरक इतका टोकाचा राहत नाही; तरीही ही संख्या एकदा स्वतः मांडून पाहण्याजोगी आहे.

याचे कारण कागदाच्या सुरळीत दिसते. कड न चिकटवलेली सुरळी पिळली की तिच्या दोन कडा एकमेकींवरून लांबीच्या दिशेने सरकतात; कड चिकटवली की ही सरक थांबते आणि तीच सुरळी ताठ होते. चासीवर वेल्डिंगची शिवण नेमकी ही सरक रोखण्याचे काम करते. म्हणून पट्टी किती जाड यापेक्षा शिवण किती सलग व खोल बसली, याला महत्त्व अधिक आहे, आणि पाच मिलिमीटरचा पत्रा दोनचार टाचे मारून लावणाऱ्याला केवळ वजन वाढल्याचे समाधान मिळते.

मग संपूर्ण चासीच पेटीबंद का करू नये? खडबडीत वाटेवर एक चाक उचलले जाते तेव्हा पाटे आणि चासी तो पीळ वाटून घेतात. अर्धी चासी अतिताठ केली, तर सारा पीळ उरलेल्या उघड्या भागात, विशेषतः पट्टी जिथे संपते त्या रेषेवर, एकवटतो आणि तडा तिथेच जातो. साठ अश्वशक्तीच्या मूळ इंजिनासाठी आखलेल्या जीपमध्ये जड डिझेल इंजिन बसवले असेल, तर त्याच्या आधारांभोवती, स्टिअरिंग बॉक्सपाशी आणि पाट्यांच्या खुंट्यांजवळ तुळई बंद करणे समर्थनीय ठरते. त्यापलीकडचा उत्साह बहुधा अनाठायी असतो. पट्टीचे टोक सरळ न कापता निमुळते ठेवावे, म्हणजे ताठरपणा हळूहळू कमी होत जातो. वरखालच्या कडांवर वाकण्याचा ताण सर्वाधिक असल्याने भोके पाडायचीच झाली तर उभ्या पाठपट्ट्यात पाडावीत.

कामाआधी बॅटरी सोडवणे आणि पेट्रोलची टाकी उतरवणे अपरिहार्य आहे, कारण या जीपची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते. त्यानंतर कार्बन डायऑक्साइडच्या आवरणाखाली होणारे, कारागिरांच्या बोलीत ‘सीओटू’ म्हटले जाणारे वेल्डिंग तुकड्यातुकड्यांनी, आलटूनपालटून दोन्ही तुळयांवर करत जावे. दोन मीटर पोलाद 100 अंशांनी तापले तर जवळपास अडीच मिलिमीटर वाढते. शिवण थंड होताना आक्रसते आणि तुळईला आपल्या बाजूला ओढते. त्यामुळे आडवे दांडे जागेवर ठेवून, मध्ये मध्ये ओळंब्याच्या खुणा पुन्हा तपासत पुढे जाण्याचा संयम लागतो.

कायद्याचीही एक बाजू आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते, तर 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हिंटेज’ नोंदणी हवी असेल, तर चासीत मोठा बदल झालेला नसावा लागतो. सडलेला भाग मूळ आकारात बदलणे आणि चासीचे रूपच पालटणे यांतील अंतर म्हणूनच कागदोपत्रीही महत्त्वाचे आहे. कामाआधीची, मधली व नंतरची छायाचित्रे जपावीत, आणि ठोकलेल्या चासी क्रमांकाच्या आसपास ग्राइंडर फिरवू नये.

बंद पेटीचा एक दोष मात्र उघड्या तुळईत नव्हता : तिच्यात शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. कोकणातल्या एका पावसाळ्याचा चिखल आत साचून राहिला, तर गंज आतून पोखरतो आणि बाहेरचा रंग तुकतुकीतच दिसतो. म्हणून पेटीच्या तळाशी सर्वांत खोलगट जागी, कडेच्या वाकणापासून दूर, पाणी निघण्यापुरते छोटे छिद्र ठेवावे. येथे कडेला भोक न पाडण्याच्या नियमाला मुरड घालावी लागते, म्हणून ते छिद्र लहान व गोल हवे. वेल्डिंग पूर्ण थंड झाल्यावर त्याच छिद्रातून लांब नळीने मेणयुक्त गंजरोधक फवारावे आणि जीप एकदा पुढून व एकदा मागून उचलून ते कोपऱ्यांपर्यंत पोचू द्यावे.