खाल्लेल्या पानांची बाग

मुंबईत शीव-वांद्रे लिंक रोडवर, धारावीच्या बस आगारासमोर आणि मिठी नदीच्या दक्षिण काठाला लागून सुमारे 37 एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पसरलेले आहे. एका बाजूला देशातील सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक, नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती आणि मधोमध हे रान, अशी त्याची मांडणी आहे. आज जिथे शाळांच्या सहली झाडांच्या सावलीतून फिरतात, ती जमीन मुळात शहराची कचराभूमी होती. निसर्गापासून तुटलेल्या मुलांना निसर्ग दाखवण्यासाठी सहसा त्यांना जंगलापर्यंत न्यावे लागते. या उद्यानाच्या बाबतीत आधी जंगल मुलांपर्यंत आणावे लागले, आणि तेही नापीक ठरलेल्या जागेवर. म्हणून या संस्थेचा परिचय करून घेताना तिच्या इमारतींपेक्षा आणि समारंभांपेक्षा तिच्या मातीकडे आणि पानांकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

उद्यानाचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. येथे कचरा टाकणे 1977 मध्ये थांबले आणि त्या जागेवर निसर्ग उद्यान उभारावे ही कल्पना वन्यजीवप्रेमींच्या वर्तुळातून पुढे आली. 1983 मध्ये ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते पहिले रोप लावले गेले, 1991 मध्ये या क्षेत्राला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला आणि 22 एप्रिल 1994 रोजी, म्हणजे वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुले झाले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या आधाराने ते चालत आले आहे. शंभराहून अधिक जातींचे पक्षी आणि अनेक जातींची फुलपाखरे येथे नोंदली गेली आहेत, आणि नदीकडच्या अंगाला तिवरांची झाडी आहे. एवढ्या तपशिलावरून उद्यान यशस्वी झाले हे कळते; ते कशामुळे झाले हे मात्र कळत नाही.

कचराभूमीवर झाड जगवणे हे साध्या वृक्षारोपणापेक्षा निराळे काम असते. दबलेला कचरा वर्षानुवर्षे कुजत राहतो, त्यामुळे जमीन एकसारखी न खचता कुठे कमी तर कुठे अधिक बसते. हवा न मिळता चाललेल्या कुजण्यातून मिथेनसारखे वायू तयार होतात आणि मातीतील प्राणवायूची जागा घेऊन मुळे गुदमरवतात. शिवाय कचऱ्यातून पाझरणारे दूषित पाणी पावसाळ्यात कुठल्या दिशेने जाईल याचा नेम नसतो. यावर तातडीचा उपाय म्हणजे वरून मातीचा थर देणे. पण बाहेरून आणलेली माती हा केवळ आरंभ असतो, कारण ती जिवंत ठेवण्याचे काम पुढे झाडांच्या पानगळीलाच करावे लागते. पडलेली पाने जागेवरच राहिली तर वाळवी, बुरशी, गांडुळे आणि असंख्य सूक्ष्मजीव ती मोडून त्यांचा सेंद्रिय थर तयार करतात, आणि त्या थरात पुढच्या पिढीची रोपे रुजतात. सार्वजनिक बागेत मात्र सकाळी पाने झाडून ढीग पेटवणे किंवा उचलून नेणे हीच स्वच्छतेची खूण मानली जाते. त्यामुळे अशा उद्यानात माळ्याला शिकावी लागणारी पहिली गोष्ट म्हणजे झाडू कुठे थांबवायचा.

हाच संयम पानांच्या बाबतीत अधिक कसोटीचा ठरतो. उद्यानातील किंवा कोणत्याही निसर्ग शिक्षण केंद्रातील सर्वांत बोलकी यंत्रणा म्हणजे फुलपाखरू आणि त्याची खाद्य वनस्पती यांचे नाते. खाद्य वनस्पती म्हणजे जिच्या पानांवर फुलपाखराची अळी वाढते ती वनस्पती. प्रौढ फुलपाखरे ज्या फुलांतून मकरंद पितात, त्या वनस्पतींपेक्षा या वेगळ्या असतात. मकरंदाच्या बाबतीत बहुतेक फुलपाखरे फारशी चोखंदळ नसतात आणि घाणेरीच्या परदेशी झुडपावरही खुशाल बसतात. अंडी घालण्याच्या बाबतीत मात्र मादी सहसा तडजोड करत नाही. पानावर उतरल्यावर ती पुढच्या पायांनी त्याच्यावर भराभर टकटक करते, कारण तिच्या पायांवर रासायनिक संवेदना ओळखणारी इंद्रिये असतात आणि त्यांच्याद्वारे ती पानाची चव घेते. योग्य चव मिळाली तर अंडे, नाही तर पुढचे पान. म्हणूनच केवळ फुलांची बाग केल्यास तेथे फुलपाखरे येऊन जातात, आणि खाद्य वनस्पतींची बाग केल्यास ती तेथे वंश वाढवतात.

या यंत्रणेचा एक धडा लिंबाच्या झाडापाशी सहज मिळतो. लिंबू फुलपाखराचे फिकट पिवळे, गोल अंडे कोवळ्या पानावर एकेकटे घातलेले असते आणि काही दिवसांतच त्यातून अळी बाहेर येते. लहान अवस्थेतील अळीचा रंग काळपट तपकिरी असून त्यावर पांढरे डाग असतात, त्यामुळे ती पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठी झाल्यावर हीच अळी हिरवी होऊन पानात मिसळून जाते. तिला बोटाने किंचित डिवचले की डोक्यामागून दोन टोकांचा, जिभेसारखा अवयव झटकन बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. वहीत चित्र काढताना न समजलेली कायांतराची कल्पना, म्हणजे अंडे, अळी, कोष आणि प्रौढ कीटक हा क्रम, मुलांना या एका झुडपापाशी भिंग हातात घेऊन समजते, आणि त्यासाठी वाघाच्या दर्शनाची गरज नसते.

अशी उदाहरणे मुंबईच्या कुठल्याही कोपऱ्यात सापडतात. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉनची अळी वाढते, टाकळ्यावर पिवळी गवती फुलपाखरे अंडी घालतात, आणि 2015 मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेला ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, लिंबू कुळातल्या झाडांवर अवलंबून असतो. हळदीकुंकू हे पिवळ्या-तांबड्या रंगांचे फुलपाखरू तर बांडगुळावर वाढते, आणि बांडगूळ ही आंब्यासारख्या झाडांवर पोसणारी परजीवी वनस्पती असल्याने बागकामाच्या प्रत्येक पुस्तकात ती छाटायला सांगितलेली असते. रुईच्या चिकात विषारी द्रव्ये असतात. तिच्यावर वाढणारी प्लेन टायगरची अळी ती शरीरात साठवते, त्यामुळे प्रौढ फुलपाखराला पक्षी टाळतात, आणि डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्या फुलपाखराची मादी प्लेन टायगरचा रंग धारण करून फुकटचे संरक्षण मिळवते. या एगफ्लायची अळी मात्र घोळ या भाजीसारख्या बारीक तणावर वाढते. पायवाटेच्या कडेची घोळ खुरप्याने काढणाऱ्या हाताला आपण नेमके काय काढत आहोत हे माहीत नसेल, तर रुईपाशी नकलेची गोष्ट सांगणाऱ्या मार्गदर्शकाकडे नक्कल करणारे फुलपाखरूच उरणार नाही.

त्यामुळे अशा उद्यानातील खरा तज्ज्ञ अनेकदा खुरपे हाती असलेला माळीच असतो. कोणते तण ठेवायचे, कोणते उपटायचे, कोणत्या फांदीवरच्या बांडगुळाला हात लावायचा नाही, कोष लटकलेली फांदी छाटणीत कशी वगळायची, हे ज्ञान पुस्तकातून त्याच्यापर्यंत येते, पण टिकते रोजच्या नजरेत. बागेच्या सौंदर्याची रूढ कल्पना त्याच्याविरुद्ध उभी असते: पाहुण्याला भोके पडलेले पान दिसले की ते दुर्लक्षाचे लक्षण वाटते, आणि तक्रार आली की कीटकनाशकाची बाटली निघते. निसर्ग उद्यानात मात्र कुरतडलेले पान हेच काम नीट चालल्याचे प्रमाणपत्र असते, आणि हे पाहुण्यांना पटवून देणे हा शिक्षणाचाच भाग आहे.

या शिक्षणाचे मुख्य साधन निसर्गवाट, म्हणजे ठरावीक थांब्यांनी आखलेली, मार्गदर्शकाबरोबर हळूहळू चालायची पायवाट. चांगला मार्गदर्शक नावांची यादी पाठ करून घेत नाही. तो झाडापाशी थांबवतो, पान वळवून दाखवतो, प्रश्न विचारतो आणि उत्तर यायला वेळ देतो. गट लहान ठेवला तरच प्रत्येकाला अळी दिसते. मोठा गट हाकत नेला तर शेवटच्या मुलाला पुढच्याची पाठच दिसते. नदीकाठी पोहोचल्यावर तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, म्हणजे प्राणवायू घेण्यासाठी हवेत वाढणारी मुळे, दाखवता येतात आणि तेथूनच शहराच्या इतिहासाकडे वळता येते. विहार आणि पवई या तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून निघणारी मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा शहराला आपली नदी नव्याने कळली. पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत येणाऱ्या गाळ, भरती, खारफुटी आणि पूर या गोष्टी नदीकाठच्या त्या एकाच थांब्यावर परस्परांशी जोडून सांगता येतात.

हा प्रयोग एकाकी नाही. 1883 मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी गोरेगावच्या चित्रनगरीलगत सुमारे 33 एकरांवर निसर्ग शिक्षण केंद्र चालवते आणि फुलपाखरांच्या फेऱ्या घेते. ठाण्याच्या घोडबंदर परिसरातील ओवळेकर वाडीत एका कुटुंबाने शेतजमिनीवर खाद्य वनस्पती लावून फुलपाखरांची बाग उभी केली. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण शिक्षणाची सक्ती करणारे निर्देश दिले आणि 2003 मध्ये त्यांच्या अंमलबजावणीवर पुन्हा बोट ठेवले, तेव्हा अशा केंद्रांना जणू राजमान्यताच मिळाली.

अडचणींची सुरुवातही येथूनच होते. सक्तीचा विषय शाळेत आला तो प्रामुख्याने पुस्तक, प्रकल्पवही आणि गुण या रूपांत. सहल ठरते ती बस आणि वेळापत्रक यांच्या सोयीने, त्यामुळे शंभर मुलांना दोन तासांत उद्यान ‘दाखवून’ आणणे ही शाळेची गरज बनते, आणि मार्गदर्शकाची गरज नेमकी उलटी असते. संस्थांचा वार्षिक हिशेब भेट देणाऱ्यांच्या संख्येने आणि लावलेल्या रोपांच्या आकड्यांनी मांडला जातो. एका लिंबापाशी पंधरा मुलांनी घालवलेल्या अर्ध्या तासासाठी त्या हिशेबात रकाना नसतो. परिणामी अशा केंद्रांवर कार्यक्रमांचा भार वाढत जातो आणि निरीक्षणाचा वेळ आटत जातो.

दुसरी अडचण परिसराची आहे. दाट वस्तीत डेंग्यू आणि मलेरियाचा धोका खरा असतो, त्यामुळे पावसाळ्यात धूरफवारणीची मागणी अगदी रास्त असते. परंतु कीटकनाशकाचा धूर डास आणि अळी यांत फरक करत नाही. फुलपाखरे मुंबईत पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत सर्वाधिक दिसतात, म्हणजे फवारणी आणि फेऱ्या यांचा हंगाम जवळजवळ एकच. येथे कोणाचीही बाजू चुकीची नसल्याने तोडगा सूक्ष्म पातळीवरच निघू शकतो: साचलेले पाणी काढणे, फवारणीच्या जागा ठरवणे आणि खाद्य वनस्पतींचे पट्टे वगळणे. त्यासाठी आरोग्य खात्याच्या माणसाला आणि माळ्याला एकत्र बसावे लागते, आणि आपल्या प्रशासनात ही बैठक क्वचितच होते.

तिसरा प्रश्न उद्यान कोणाचे हा आहे. रस्त्यापलीकडच्या धारावीत मोकळी जागा अत्यंत तुटपुंजी आहे, आणि जंगलाची सर्वाधिक गरज असलेली मुले फाटकापासून चालत येण्याच्या अंतरावर राहतात. तरीही निसर्गफेरीची संस्कृती मुख्यतः इंग्रजी नावांची, दुर्बिणींची आणि शहराच्या दुसऱ्या टोकाहून गाडीने येणाऱ्या कुटुंबांची राहिली आहे. टाकळा, घोळ, रुई, कढीपत्ता या वनस्पती गावाकडून आलेल्या आईला आणि आजीला चांगल्या ठाऊक असतात. त्यांना शिकाऊ न मानता जाणकार मानून फेरीत बोलावले, तर उद्यानाला शेजारच्या वस्तीतूनच मार्गदर्शक मिळू शकतात.

जमिनीच्या किमतीचा प्रश्न या सगळ्यांवर सावट धरून आहे. धारावीच्या पुनर्विकासाची योजना पुढे सरकू लागली तेव्हा उद्यानाचे क्षेत्र त्यात ओढले जाईल अशी भीती पर्यावरणप्रेमींनी व्यक्त केली आणि प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेले. उद्यान प्रकल्पाबाहेर असल्याचे 2023 मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. या हमीमुळे कुंपणाच्या आतली जमीन वाचली, तरी कुंपणाबाहेर उंच इमारती, बदललेली गटारे आणि रात्रीचा प्रखर उजेड आला, तर आतल्या कीटकांवर आणि पक्ष्यांवर त्याचा परिणाम होणार हे निश्चित आहे. कृत्रिम प्रकाशाने निशाचर कीटक वाट चुकतात आणि त्यांच्यावर जगणारी साखळी विस्कळीत होते.

म्हणून अशा उद्यानाच्या रक्षणाचा विचार केवळ सीमारेषांच्या आणि झाडांच्या संख्येच्या भाषेत करणे अपुरे आहे. कोणत्या खाद्य वनस्पती कोठे आहेत आणि त्यांच्यावर दरवर्षी कोणत्या अळ्या दिसल्या, याची साधी नोंदवही ठेवणे, ती लिहिण्यात शाळांना आणि शेजारच्या वस्तीला सामील करून घेणे, आणि माळी व मार्गदर्शक यांची पदे कंत्राटाबरोबर बदलणारी न ठेवता कायम ठेवणे, एवढ्या तीन गोष्टी फार खर्चिक नाहीत. संरक्षित वनाचा दर्जा तोड थांबवू शकतो, पण कोणते तण राखायचे हे सांगू शकत नाही. ते जाणणारा माणूस निवृत्त होण्याआधी त्याच्या हाताखाली दुसरा तयार झाला आहे की नाही, हा प्रश्न उद्यानाच्या प्रत्येक वार्षिक अहवालात विचारला गेला पाहिजे.