लाकडातून ऐकणारा चिमटा

गणेशोत्सवात अकोटच्या एखाद्या मंडपात संध्याकाळच्या आरतीआधी जाऊन बसा. पेटीवाले काका भाता उघडून सूर धरतायत. तबलजी हातोडीनं गट्टे ठोकतोय. बारकी पोरं झांजा वाजवून पाहतायत, माइकवाल्याचं "हॅलो, हॅलो, चेक" सुरू आहे आणि रस्त्यावरून ऑटो भोंगा वाजवत चाललेत. एवढ्या कल्लोळात दहावीतली एक ताई मांडीवर गिटार घेऊन तारा जुळवायला बसली आहे. तिनं फोनमधलं ट्यूनरचं ॲप उघडलं आणि पाचवी तार छेडली. ॲप म्हणालं, डी. पुन्हा छेडली. या वेळी एफ. मग काहीच नाही, आणि मग एकदम सी! पेटीवाले काका हसायला लागले, "मले माही पेटीच आयकू येऊन नाई राह्यली पोरी, तुह्या फोनले काय आयकू येईन!"

ताईनं फोन ठेवला आणि पिशवीतून एक काळं, बोटभर यंत्र काढलं. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखं ते गिटारच्या डोक्याला, म्हणजे खुंट्या असतात त्या भागाला, लावून टाकलं. तार छेडली. पडद्यावर ए उमटलं, काटा जरा डावीकडे. खुंटी किंचित पिळली, काटा मधोमध आला आणि पडदा हिरवा झाला. झांजा वाजतच होत्या, माइकवाला ओरडतच होता. चिमट्याला त्यातलं काही ऐकूच आलं नाही!

हे कसं झालं?

फोनला असतो माइक. हवेतून येणारा प्रत्येक आवाज तो गोळा करतो. गिटार, पेटी, झांज, भोंगा, त्याला सगळे सारखेच. त्यातून एक तार वेगळी काढायची म्हणजे फार अवघड काम. चिमट्याच्या ट्यूनरचा मात्र हवेशी संबंधच नाही. तार थरथरते, तिचा थरथराट तारेच्या टोकाखालच्या हाडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीतून लाकडात उतरतो आणि लाकडातून थेट चिमट्याच्या जबड्यात शिरतो. तो तारेला स्पर्शानं ओळखतो.

एक प्रयोग आत्ताच करा. लाकडी टेबलाच्या एका टोकाला कान टेकवा आणि मित्राला दुसऱ्या टोकाला नखानं हळूच खरवडायला सांगा. मोठ्ठं ऐकू येतं ना? आता कान उचला. तेच खरवडणं जवळजवळ गायब. लाकडातून आवाज किती छान वाहतो ते कळलं. (मंडपासमोर डीजेची भिंत उभी असेल, तर मात्र चिमटाही गोंधळू शकतो, कारण त्या दणक्यानं गिटारचं लाकूडच हलायला लागतं. तिथून जरा लांब जा, एवढाच उपाय.)

आता चिमट्याच्या पोटात डोकावू. तिथे असते एक पातळशी चकती. ती दाबली, वाकली किंवा थरथरली की तिच्यात वीज तयार होते. अगदी थोडी, पण मोजता येईल एवढी. स्फटिकांमधला हा गुण शोधला पिएर आणि जाक या क्युरी भावांनी, १८८० साली, पॅरिसमध्ये. तेव्हा दोघंही पंचविशीच्या आतले होते. हेच पिएर पुढे मेरी क्युरींबरोबर रेडियमच्या शोधामुळे जगाला माहीत झाले. पण मला विचाराल तर स्फटिक दाबून वीज काढण्याचा हा पहिला शोधही तेवढाच भारी आहे.

खात्री करायची तर स्वयंपाकघरात जा. टक् करून ठिणगी पाडणारा गॅसचा लायटर आहे ना? बहुतेक लायटरमध्ये सेल नसतो, वायर नसते. आत एक छोटी हातोडी स्फटिकावर आपटते आणि क्षणभर हजारो व्होल्टचा दाब तयार होऊन ठिणगी उडते. लायटरमधला स्फटिक जोरात ठोकला जातो, ट्यूनरमधल्याला फक्त तार गुदगुल्या करते. गुण मात्र एकच. (लायटर आईबाबांसमोरच वाजवायचा, आणि गॅस बंद असताना.)

चकतीनं पाठवलेली वीज तारेबरोबरच वरखाली होते. गिटारची पाचवी तार सुरात असेल, तर ती सेकंदाला ११० वेळा थरथरते. म्हणून वीजही सेकंदाला ११० वेळा वरखाली. ट्यूनरमधली चिप हे हेलकावे मोजते. पण मोजायला घड्याळ हवं, आणि तेही नेमकं. चांगल्या ट्यूनरमध्ये त्यासाठी क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तुमच्या भिंतीवरच्या किंवा मनगटावरच्या घड्याळातही बहुधा तोच आहे, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. विजेनं स्फटिक थरथरतो आणि थरथरला की वीज देतो, असा हा दोन्ही बाजूंनी चालणारा व्यवहार. म्हणजे त्या बोटभर यंत्रात एक स्फटिक ऐकायला बसलाय आणि दुसरा वेळ मोजायला. क्युरी बंधूंनी पाहिलं असतं तर किती खूश झाले असते!

पाचवीचे ११० सांगितले, मग बाकीच्यांचे किती? सर्वांत जाड सहावी तार ८२.४, चौथी १४६.८, तिसरी १९६, दुसरी २४६.९ आणि सर्वांत बारीक पहिली ३२९.६. सेकंदाला एक कंप म्हणजे एक हर्ट्झ. आता सहावीला चारनं गुणा. बरोबर पहिलीचा आकडा आला! दोन्ही तारांचा सूर एकच, फक्त पहिली दोन सप्तकं वर.

ट्यूनरवर जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशी अक्षरं येतात. भजनी मंडळात बसणाऱ्यांनी गोंधळून जाऊ नये. पेटीवर हेच सूर अनुक्रमे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. सहाच्या सहा तारा पांढऱ्या पट्ट्यांवर! काकांना हे सांगून पाहा, ते लगेच पेटीवर वाजवून दाखवतील.

बरं, गिटार एकदा लावली की झालं, असं का नाही? रोज रोज का लावायची? तर त्याला आपल्या वऱ्हाडातलं ऊनही जबाबदार आहे. मे महिन्यात अकोल्या-अकोटकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. पोलादी तार तापली की लांब होते आणि लांब झाली की सैल पडून सूर उतरतो. किती लांब होते? पासष्ट सेंटिमीटरची तार दहा अंशांनी तापली तर वाढ होते मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. डोळ्याला दिसणार नाही, मोजपट्टीवर मोजता येणार नाही, पण कानाला कळते. मग पावसाळा येतो. लाकूड हवेतली ओल पितं, फुगतं, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. सहाही तारांचा ताण मिळून सत्तर किलोच्या आसपास असतो, बरं का! एका मोठ्या माणसाचं वजन ते लाकूड रात्रंदिवस पेलत असतं, त्यामुळे त्याची थोडी कुरकुर चालायचीच.

गंमत म्हणजे गावात डफडं वाजवणारे नेमकं उलटं करतात. वाजवण्याआधी ते डफडं जाळावर शेकतात. चामडं तापलं की त्यातली ओल उडते, ते आकसतं, ताणलं जातं आणि आवाज खणखणीत चढतो. म्हणजे उष्णतेनं चामड्याचा सूर चढतो आणि पोलादाचा उतरतो. एकाच मिरवणुकीत, एकाच उन्हात, दोन वाद्यं दोन दिशांना निघालेली. तबलजी आणि गिटारवाली ताई दोघांनाही मधूनमधून थांबून आपापलं वाद्य का पाहावं लागतं ते कळलं ना?

आता दुकानात जाऊ. साधा चिमट्याचा ट्यूनर तीनचारशे रुपयांपासून मिळतो. सुरुवातीला त्याहून फार महाग घ्यायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण हातात घेऊन पाहिल्याशिवाय घेऊ नका. सगळ्यांत आधी दुकानाच्या दारात, उन्हात या आणि पडदा वाचता येतो का ते पाहा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे सुंदर दिसतात. आपल्याकडे शाळेचं स्नेहसंमेलन पटांगणात, भजन ओट्यावर, त्यामुळे उजेडात न दिसणारा ट्यूनर कामाचा नाही. मग चिमटा उघडा. जबड्याला आतून रबर हवं, म्हणजे गिटारच्या लाकडावर ओरखडे पडत नाहीत. स्प्रिंग घट्ट हवी, कारण पकड सैल असेल तर थरथराट चकतीपर्यंत नीट पोचत नाही. पडदा मानेवर फिरतो का तेही पाहा. डावखुऱ्या मुलांना त्याची फार गरज पडते.

दुकानदाराला विचारा, "हा क्रोमॅटिक आहे का?" म्हणजे बाराही सूर ओळखणारा. काही ट्यूनर फक्त गिटारचे सहा सूर जाणतात. उद्या ताईला गाण्यासाठी सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवायच्या झाल्या किंवा धाकट्या भावानं युकुलेली आणली, तर क्रोमॅटिकच उपयोगी पडेल.

आणि सेलचं दार! बहुतेक ट्यूनरमध्ये सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. त्याच्या नावातच माप लपलंय. २० म्हणजे वीस मिलिमीटर रुंद आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड. घरी मोजून पाहा. पण हा सेल लहान बाळानं गिळला तर अन्ननलिका भाजू शकते, जिवावर बेतू शकतं. म्हणून स्क्रूनं बंद होणारं दार असलेला ट्यूनर निवडा, आणि जुना सेल काढला की लगेच मोठ्यांच्या हातात द्या.

एक बटण मात्र फार खोडकर असतं. पडद्याच्या कोपऱ्यात ४४० असा आकडा दिसेल. मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाचे हे कंप. १९३९ साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हा आकडा ठरला, तोवर देशोदेशी वेगवेगळे आकडे चालायचे. खिशात ठेवताना बटण दाबलं गेलं आणि ४४० चे ४३५ झाले, तर ट्यूनर हिरवा दिवा दाखवत राहील, गिटारही स्वतःशी जुळलेली असेल, पण बाकी सगळ्यांपेक्षा खाली. म्हणून लावण्याआधी कोपऱ्यातला आकडा वाचायची सवय लावा.

हेच खोडकर बटण भजनात मात्र मदतीला येतं. पेटीचे सूर पितळेच्या पट्ट्यांतून निघतात आणि जुन्या पेट्या नेमक्या ४४० वर असतीलच असं नाही. समजा काकांची पेटी ४४२ वर आहे. पेटी काही खुंटी पिळून उतरवता येत नाही, तेव्हा गिटारनंच तिच्याकडे जायचं. शांत वेळी काकांना मधली पांढरी सहा धरून ठेवायला सांगा, फोनमधलं ॲप समोर धरा आणि जो आकडा येईल तो ट्यूनरमध्ये भरा. इथे फोन कामाला येतो.

४४० आणि ४४२ यांत फरक तो काय, असं वाटेल. हे अंतर आहे जवळपास आठ सेंट. पेटीवरच्या शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की त्यातला एक सेंट. हे माप इंग्लंडच्या अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ साली मांडलं. एलिस यांना स्वतःला सुरांचा कान नव्हता असं सांगतात! सूर पारखायला त्यांच्यासोबत आल्फ्रेड हिपकिन्स असत आणि एलिस गणित करत. आज जगभरच्या ट्यूनरचा काटा त्यांच्याच मापात हलतो.

पण काटा म्हणेल तेच खरं का? सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी आपल्या गाण्यातल्या बावीस श्रुतींची मापं घेतली. त्यासाठी त्यांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साथ मिळाली. १९१० साली देवलांचं त्यावरचं पुस्तक आलं. गवई तंबोऱ्यावर जो गोड शुद्ध गंधार लावतो तो षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो. पेटीचा आणि गिटारचा मात्र ४००. म्हणजे गवयाचा तो सुंदर गंधार ट्यूनरला ऐकवला, तर तो सांगेल, "चौदा सेंट उतरलाय!" गवई चुकला नाही आणि ट्यूनरही बिघडलेला नाही. पेटी आणि गिटारवर कोणत्याही पट्टीत गाता यावं म्हणून बाराही अंतरं सारखी करून घेतलीत, आणि ट्यूनरला तेवढीच मापं शिकवलीत.

घरी ट्यूनर आला की असं करा. चिमटा लावून फक्त सहावी तार जुळवा. मधल्या बाराव्या घराजवळ अंगठ्यानं हळू छेडा, जोरात ओढली तर काटा नाचत राहतो. तार नेहमी खालून वर चढवत आणा. जास्त चढली तर बरीच उतरवून पुन्हा चढवा, म्हणजे खुंटीच्या दात्यांत ढिलाई राहत नाही. आता ट्यूनर बंद. सहावी तार पाचव्या घरात दाबून वाजवा आणि लगेच पाचवी तार मोकळी वाजवा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. थोडा फरक असेल तर आवाज वाँव-वाँव-वाँव असा हेलकावत येईल. दोन हर्ट्झचा फरक असेल तर सेकंदाला दोन हेलकावे. खुंटी पिळत जा, हेलकावे सावकाश होत होत थांबतील. पुढच्या तारांचंही असंच, फक्त तिसरीवरून दुसरी जुळवताना पाचव्याऐवजी चौथं घर दाबायचं.

सगळ्या तारा कानानं लावून झाल्या की ट्यूनर सुरू करा, एकेक तार तपासा आणि कोणती किती सेंट चढली, किती उतरली ते वहीत लिहून ठेवा. उन्हाळ्यातल्या दुपारी एकदा, पावसाळ्यात एकदा. आकडे आम्हाला पाठवा, पुढच्या अंकात सगळ्यांचे शेजारी शेजारी छापू.