अनुबोधपटांतील सशस्त्र प्रतिकारक स्त्रिया, ब्राझीलमधील

ब्राझीलमधील लष्करी हुकूमशाहीविरुद्ध (१९६४–८५) शस्त्र हाती घेतलेल्या स्त्रियांचे जीवन, कारावास व स्मृती यांचे चित्रण करणारे अनुबोधपट. प्रत्यक्ष घटनेची दृश्य नोंद हा अनुबोधपटाचा सर्वसाधारण आधार होय. येथे मात्र मूळ घटनेची दृश्ये जवळजवळ नाहीतच. भूमिगत कार्यकर्त्याचे छायाचित्र म्हणजे पोलिसांना आयता मिळालेला पुरावा. त्यामुळे साक्ष, पोलिसी दप्तर व पुनर्रचना या तीन साधनांवरच या चित्रपटांची उभारणी झाली आहे.

पार्श्वभूमी : १९६४ च्या मार्चअखेरीस लष्कराने राष्ट्राध्यक्ष झुआंव गुलार यांना पदच्युत केले. १३ डिसेंबर १९६८ च्या पाचव्या संस्थात्मक अधिनियमाने राजकीय गुन्ह्यांपुरता बंदीप्रत्यक्षीकरणाचा हक्क स्थगित झाला व सनदशीर विरोधाचे मार्ग खुंटले. त्यानंतर अनेक विद्यार्थिनी, शिक्षिका व नोकरदार स्त्रिया सशस्त्र गटांत दाखल झाल्या. त्यांची संख्या पुरुषांहून बरीच कमी होती व नेतृत्वपदे क्वचितच त्यांच्या वाट्याला आली. तथापि टेहळणी, अपहरण, विमानचाचेगिरी आणि आराग्वाया नदीच्या खोऱ्यातील गनिमी युद्ध यांत त्यांचा प्रत्यक्ष सहभाग होता. सप्टेंबर १९६९ मध्ये अमेरिकी राजदूत चार्ल्स एल्‌ब्रिक यांचे अपहरण करणाऱ्या गटात व्हेरा सिल्व्हिया मागाल्याइंस ही तरुणी होती.

वाटचाल : जानेवारी १९७१ मध्ये स्विस राजदूताच्या सुटकेच्या बदल्यात सत्तर राजकीय कैद्यांना चिलीला पाठविण्यात आले. त्यांच्या मुलाखतींवर सॉल लँडाउ व हॅस्केल वेक्सलर या अमेरिकी दिग्दर्शकांनी ब्राझील : अ रिपोर्ट ऑन टॉर्चर (१९७१) हा अनुबोधपट सँटिआगो येथे चित्रित केला. त्यात सुटलेले कैदी छळाच्या पद्धती स्वतःच्या देहाने करून दाखवितात. राजवट चालू असताना जगापुढे पुरावा ठेवणे हा त्याचा हेतू असल्याने त्यातील स्त्री प्राधान्याने छळाची साक्षीदार म्हणून दिसते. तिने शस्त्र का घेतले, हा प्रश्न मागे राहतो.

लोकशाही परतल्यावर हा प्रश्न पुढे आला. लूसिया मुरात यांचा के बों ते वेर व्हिवा (म. शी. तुला जिवंत पाहून बरे वाटले, १९८९) हा या संदर्भातील पायाभूत चित्रपट होय. मुरात स्वतः एका सशस्त्र संघटनेच्या सदस्या होत्या. १९७१ मध्ये अटक होऊन त्यांनी सु. साडेतीन वर्षे कारावास व छळ सोसला. चित्रपटात आठ स्त्रियांच्या साक्षी असून त्यांना जोडणारी स्वगते इरेने रावाशे या अभिनेत्रीने सादर केली आहेत. साक्षी ओळखपत्रावरील छायाचित्राप्रमाणे चेहऱ्याच्या चौकटीत बसविलेल्या आहेत. घर, कचेरी, मुले यांची दृश्ये नैसर्गिक प्रकाशात, तर स्वगते नाट्यमय प्रकाशयोजनेत घेतली आहेत. जे प्रत्यक्ष व्यक्तीच्या तोंडून वदविणे कठीण, ते कल्पित पात्राकडे सोपविले आहे : इच्छा, संताप, आणि ‘हे सारे आता विसरावे’ अशी समाजाची अपेक्षा. छळ सोसून जगलेल्या स्त्रीला पुढे रोजचे आयुष्य कसे जगता येते, हा चित्रपटाचा मध्यवर्ती विषय आहे.

आनिता लेआंद्रू यांच्या रेत्रातुस दि इदेंतिफिकासांव (म. शी. ओळखीची छायाचित्रे, २०१४) या अनुबोधपटात पोलिसी दप्तराचा उपयोग आहे. मारिया आउशिलियादोरा लारा बार्सेलूस ऊर्फ डोरा ही वैद्यकाची विद्यार्थिनी नोव्हेंबर १९६९ मध्ये दोन सहकाऱ्यांसह पकडली गेली. त्यांपैकी शाएल श्राइएर हा छळात मरण पावला. डोराने १९७६ मध्ये पश्चिम बर्लिन येथे निर्वासितावस्थेत आत्महत्या केली. पाळत ठेवताना व अटकेनंतर यंत्रणेनेच काढलेली छायाचित्रे दिग्दर्शिकेने हयात सहकाऱ्यांच्या हाती दिली आहेत. कैद्याची ओळख पटविण्यासाठी काढलेले चित्र अशा रीतीने कैद करणाऱ्याविरुद्धचा पुरावा ठरते.

पुनर्रचनेचे ठळक उदाहरण म्हणजे सुसाना लिरा यांचा तोरी दास दोंझेलास (म. शी. कुमारिकांचा मनोरा, २०१८). साऊँ पाउलू येथील तिरादेंतिस तुरुंग पाडण्यात आला असून त्याचे केवळ दगडी प्रवेशद्वार उरले आहे. तेथील स्त्री-कैद्यांच्या स्मरणातील रेखाटनांवरून कोठड्यांचे नेपथ्य उभारून त्यांना तेथे पुन्हा एकत्र आणले आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या (२०११–१६) जिल्मा रूसेफ याही त्यांत आहेत. छळाइतकेच येथे वाचन, स्वयंपाक, शिवणकाम व परस्परांची शुश्रूषा यांतून घडलेल्या सामूहिक जीवनाला महत्त्व मिळाले आहे.

मूल्यमापन : या चित्रपटांना न्यायविषयक महत्त्व आहे. २८ ऑगस्ट १९७९ च्या सार्वत्रिक माफीच्या कायद्याचा लाभ छळ करणाऱ्यांनाही मिळाला आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्याप्ती कायम ठेवली. न्यायालयात जी साक्ष होऊ शकली नाही, ती पडद्यावर झाली. राष्ट्रीय सत्य आयोगाने डिसेंबर २०१४ मध्ये ४३४ मृत व बेपत्ता व्यक्तींची नोंद केली आणि लैंगिक अत्याचारांसाठी अहवालात स्वतंत्र प्रकरण दिले. स्त्रियांनी त्याविषयी कॅमेऱ्यापुढे बोलण्यास मात्र पाव शतक आधीच सुरुवात केली होती.

तथापि साक्षीवरील भर चित्रणाला मर्यादाही घालतो. पीडित स्त्रीविषयी सहानुभूती सहज निर्माण होते. बंदूक घेतलेल्या स्त्रीचा राजकीय निर्णय, त्यातील चुका व हिंसेची जबाबदारी यांची चर्चा मात्र आखडती राहते. चिलीच्या कार्मेन कास्तियो यांनी ला फ्लाका आलेहांद्रा (१९९४, गी जिरार यांच्यासह) या चित्रपटात छळाखाली मोडून गुप्त पोलिसांना सामील झालेल्या सहकारिणीशी संवाद साधून, तर काये सांता फे (२००७) मध्ये स्वतःच्या संघटनेच्या बलिदानाचे मोल विचारून ही कोंडी काही अंशी फोडली. माकारेना आगिलो यांच्या एल एदिफिसियो दे लोस चिलेनोस (२०१०) मध्ये लढ्यासाठी परतलेल्या आईबापांनी क्यूबात ठेवलेल्या सु. साठ मुलांची बाजू येते. दिग्दर्शिका त्यांपैकीच एक असल्याने प्रश्न विचारणारी येथे लढवय्या स्त्री नसून तिची मुलगी आहे.

शिवाय कॅमेऱ्यापुढे बहुधा शिकलेल्या, शहरी व हयात स्त्रियाच येतात. आराग्वायाच्या अरण्यातून न परतलेल्या स्त्रियांची बाजू या साधनांनी अंशतःच मांडता येते. त्यांच्यापैकी बहुतेकींचे देहावशेषही आप्तांना मिळालेले नाहीत.