प्लूटोवरील गुरुत्व व वजन

प्लूटो या बटुग्रहाच्या पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण व त्यामुळे तेथे पदार्थास येणारे वजन. प्लूटोवरील गुरुत्वीय प्रवेग सु. ०·६२ मी./से.² असून तो पृथ्वीवरील प्रवेगाच्या (९·८१ मी./से.²) सु. सोळावा हिस्सा आहे. प्लूटो सूर्यापासून सरासरी सु. ५९० कोटी किमी. दूर असल्याने तेथे वजन कमी भरते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. पृष्ठभागावरील वजन ग्रहाचे वस्तुमान व त्रिज्या यांवरून ठरते, सूर्यापासूनच्या अंतराशी त्याचा संबंध नाही. प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या सु. १/४५८ आहे, तथापि त्याची त्रिज्या (१,१८८ किमी.) पृथ्वीच्या त्रिज्येहून ५·३६ पटींनी लहान असल्याने तेथील मनुष्य केंद्राच्या तितकाच जवळ असतो. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून ४५८ ला ५·३६ च्या वर्गाने, म्हणजे सु. २८·७ ने भागल्यास जवळजवळ १६ ही संख्या मिळते.

ही आकडेवारी फार उशिरा हाती आली. पर्सिव्हल लोएल यांनी युरेनसच्या गतीतील विचलनांवरून कल्पिलेला ग्रह पृथ्वीच्या सु. सात पट वस्तुमानाचा होता. क्लाइड टॉमबॉ यांनी १९३० मध्ये प्लूटो शोधल्यावर त्याचे वस्तुमान पृथ्वीएवढे असावे, असे अनुमान बराच काळ प्रचलित होते. १९५० मध्ये जेरार्ड कायपर यांनी व्यास मोजला, तो ६,००० किमी.च्या आसपास आला. एवढ्याशा गोलात पृथ्वीएवढे द्रव्य मावावयाचे, तर त्याची घनता पाण्याच्या पन्नास पटींहून अधिक, म्हणजे ऑस्मियमाच्याही दुपटीपेक्षा जास्त होते आणि मनुष्याचे वजन तेथे सु. साडेचार पट भरावयास हवे. ही विसंगती उघड होती. विचलनांवरून काढलेले वस्तुमानच चुकीचे होते.

जेम्स क्रिस्टी यांनी १९७८ मध्ये कॅरॉन या उपग्रहाचा शोध लावला, तेव्हा हा प्रश्न निकालात निघाला. दोन्ही गोलांच्या केंद्रांतील अंतर (सु. १९,६०० किमी.) व प्रदक्षिणाकाल (६·३९ दिवस) केप्लर यांच्या तिसऱ्या नियमात घातले असता दोहोंचे एकत्रित वस्तुमान १·४६ × १०²² किग्रॅ. येते. त्यातील १·३० × १०²² किग्रॅ. प्लूटोचे आहे. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स हे अवकाशयान प्लूटोजवळून गेले आणि व्यास २,३७७ किमी. असल्याचे निश्चित झाले. यावरून घनता पाण्याच्या १·८५ पट ठरते. प्लूटो खडक व बर्फ यांचा बनलेला आहे, हे तीवरून कळते.

पृथ्वीवर ६० किग्रॅ. भरणारा मनुष्य प्लूटोवर स्प्रिंगच्या काट्यावर सु. ३·८ किग्रॅ. भरेल. दोन पारड्यांच्या तराजूत मात्र तो ६० किग्रॅ.च भरेल, कारण दुसऱ्या पारड्यातील वजनेही त्याच प्रमाणात हलकी होतात. वस्तुमान बदलत नाही व त्याबरोबर निरूढीही कायम राहते. म्हणून वजनातील घट दिसते तितकी सोयीची नाही. धावणाऱ्यास थांबविणारे घर्षण वजनावर अवलंबून असते. ते सोळा पटींनी घटते, पण थांबवावयाचे वस्तुमान तेवढेच असते. चालण्याचा कमाल वेग प्रवेगाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असल्याने तो सु. एक चतुर्थांश होतो. त्याहून घाई करणाऱ्यास उड्या माराव्या लागतील. पृथ्वीवर अर्धा मीटर उंच उडणारा मनुष्य (अवजड पोशाख नसल्यास) तेथे ८ मी. उंच जाईल व सु. १० सेकंदांनी खाली येईल. १० मी. उंचीवरून पडलेली वस्तू सु. ५·७ सेकंदांनी, ३·५ मी./से. या माफक वेगाने जमिनीवर पोहोचेल.

प्लूटोच्या परिवलनाने वजनात पडणारा फरक विषुववृत्तावरही सु. १/४,००० एवढाच आहे. कॅरॉन आकाशात एकाच जागी स्थिर दिसतो. त्याच्या ओढीचा वजनावरील परिणाम याहूनही क्षुद्र आहे. खुद्द कॅरॉनवर गुरुत्वीय प्रवेग ०·२९ मी./से.² आहे. एरिस हा बटुग्रह प्लूटोपेक्षा किंचित लहान, पण अधिक जड असल्याने त्यावर तो ०·८२ मी./से.² भरतो.

प्लूटोवरील मुक्तिवेग केवळ १·२ किमी./से. आहे (पृथ्वीवर ११·२ किमी./से.). नायट्रोजनाचे तेथील अतिविरल वातावरण या दुबळ्या ओढीमुळे फार उंचीपर्यंत पसरले आहे. २०१५ मधील छायाचित्रांत त्यातील धुरकट थर पृष्ठभागापासून २०० किमी.हून अधिक उंचीपर्यंत दिसले.